एका डोळ्याची फ्लॉपी

पडदा वर जातो आणि समोर कसायाचं दुकान दिसतं. भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरशा, मधोमध संगमरवरी ओटा, छताखाली आडवी लोखंडी दांडी आणि दांडीला ओळीने आकडे. आकड्यांना मांस मात्र नाही, वायरी टांगलेल्या आहेत. जाड, बारीक, करड्या, काळ्या, काहींना दोन्हीकडे तोंड, काहींना एकीकडे तोंड आणि दुसरीकडे नुसत्या उघड्या तारा. ओट्यावर पूर्वी बैलाच्या फासळ्या पडायच्या, तिथे आता पोट उघडलेले कॉम्प्युटर पडलेत. जानेवारीची दुपार, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा, नदीवरून वाऱ्याची झुळूक नाही, सगळं हुआन लाकासे गाव जेवून आडवं झालंय. ओट्याच्या मागून आधी एक पांढरा अंबाडा वर येतो, मग दोन चष्मे, एक कपाळावर आणि एक नाकावर. ही सुल्मा इरिओन्दो. दाराकडे न बघताच ती विचारते,

"मशीन की मांस?"

मी जन्मभर मंचावर आलो आणि गेलो, पण असा प्रवेश मला एकदाही साधला नाही.

प्रश्न तिने गमतीने विचारला तरी खरा होता. दुकान तिच्या वडिलांचं. आताउल्फो म्हाताऱ्याने मरताना सुऱ्या भावाला दिल्या आणि जागा मुलीला. तिने फरशा काढल्या नाहीत, आकडे काढले नाहीत. त्यामुळे बाहेरगावचे लोक बसमधून उतरून आत डोकावायचे आणि विचारायचे, "बाई, दोन किलो फासळ्या मिळतील का?" सुल्मा म्हणायची, "फासळ्या आहेत, पण टोरांटोच्या आहेत आणि चावायला कठीण आहेत."

टोरांटोचं खरंच होतं. आमच्या गावात कुणी कॉम्प्युटर विकत घेतल्याचं मला आठवत नाही. ते नातेवाइकांकडून यायचे. गिरण्यांचं काम कमी होत गेलं तशी माणसं पांगली. कुणी स्वीडनला, कुणी कॅनडाला, कुणी नुसतंच समोरच्या तीरावर ब्वेनोस आयरेसला. जो जिथे पोचला तिथे लोकांनी टाकून दिलेलं मशीन त्याने ब्लँकेटात गुंडाळून घरी पाठवलं. दाताच्या डॉक्टरांकडे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारं, शाळेच्या बाईंकडे खिडक्यांचं, पाद्रीबाबांकडे असं एक की त्याचं नाव खुद्द सुल्मालाही उच्चारता येत नसे. प्रत्येकाची बोली वेगळी. डॉक्टरांचं पत्र बाईंच्या मशीनवर उघडलं की सगळं एकाच ओळीत, आगगाडीसारखं उजवीकडे निघून जायचं. पाद्रीबाबांच्या प्रवचनात जिथे जिथे स्वरावर तिरकी रेघ असेल तिथे पौंडाची खूण यायची, आणि ते म्हणायचे, "सुल्मा, लोकांना वाटेल मी व्याजाबद्दल बोलतोय."

मग सगळे सुल्माकडे. ती गिरणीच्या कचेरीत टायपिस्ट होती. कचेरी आटली तेव्हा निरोपाला तिला घड्याळ देऊ केलं. ती म्हणाली, "वेळ मला ठाऊक असतो. त्या कोठीतलं बंद पडलेलं मशीन द्या." ते उघडून, मोडून, पुन्हा जोडून ती शिकली. ओट्याच्या टोकाला तिने एक मशीन कायमचं ठेवलं होतं. सगळ्यांच्या फ्लॉपी वाचून ज्याला ज्या बोलीत हवं त्या बोलीत ते लिहून द्यायचं. त्याचं नाव तिने ठेवलं कोमाद्रे. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत अशी एक कोमाद्रे असते. इकडचं तिकडे पोचवते, सगळ्यांशी तिचं जमतं, आणि तिच्याशिवाय कुणाचं लग्नही जमत नाही.

या कोमाद्रेचं सगळ्यात नाजूक काम मात्र दोन म्हाताऱ्यांसाठी होतं. त्यांची ओळख करून द्यायला हवी.

आमचा कार्निव्हलचा फड होता, 'धक्क्यावरचे बहिरे'. तोंडं रंगवलेले सतरा गडी, मोठा ढोल, ताशा आणि झांजा. फड काढणारे धक्क्यावर पोती वाहणारे होते, आणि त्यांना 'पुरे' हा शब्द ऐकू येत नसे, म्हणून ते नाव. मी त्यात सोंगाड्या होतो, आवाज गेला तोवर. गाणी लिबेर बेन्तान्कोर लिहायचा आणि चाली वाल्देमार कुइतिन्यो लावायचा. एका बाकावरचे शाळूसोबती. फडाची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेवटचं निरोपाचं गाणं. ते गातगात सगळे मंचावरून खाली उतरतात आणि लोकांमधून वाट काढत निघून जातात. पुढे वर्षभर गावात लोक तेच गुणगुणतात, कपडे वाळत घालताना, मासे साफ करताना.

एका वर्षी त्या निरोपाच्या गाण्यात लिबेरने आपल्या आईवर एक कडवं लिहिलं. ती नदीकाठी लोकांचे कपडे धुवायची. गाण्याच्या दिवशी लिबेर खाली गर्दीत उभा, टोपी हातात, आणि कडवं आलंच नाही. वाल्देमारने ते कापलं होतं. तो म्हणाला, "गड्यांना श्वास पुरत नव्हता." लिबेर म्हणाला, "माझ्या आईने तीन तीन चादरी एका दमात पिळल्या, आणि तुझ्या सतरा रेड्यांना श्वास पुरत नाही?" त्यानंतर दोघं बोलायचे बंद झाले. बारा वर्षं.

पण फड सोडायला दोघांपैकी कुणी तयार नव्हता. तालमीला वाल्देमार क्लबात, आणि लिबेर बाहेर अंगणात खिडकीखाली खुर्ची टाकून. आत-बाहेर निरोप मीच न्यायचो. पुढे वाल्देमारच्या मावसभावाने स्वीडनहून अतारी नावाचं मशीन पाठवलं. त्याला पियानोसारख्या पट्ट्या जोडता येत. लिबेरच्या मेहुण्याने बंद पडलेल्या एका वर्तमानपत्रातला छोटा मॅकिंटॉश आणला. तेव्हापासून शब्द मॅकिंटॉशमधून निघायचे आणि सूर अतारीतून, मध्ये कोमाद्रे. गीताच्या खाली वाल्देमार लिहायचा, सातव्या ओळीत पाय घसरतो. लिबेर त्याखाली लिहायचा, पाय त्याचा घसरतो, बूट बदलायला सांगा. मग दोघं आणखी पुढे जायचे. सुल्मा कामाचं तेवढं ठेवून बाकीचं पुसायची. "शिव्या कोमाद्रेला वाचता येत नाहीत," ती म्हणायची. "जुनं मशीन आहे."

दोघांच्या फ्लॉपी दुरून ओळखू यायच्या. फ्लॉपीच्या कोपऱ्यांत दोन भोकं असतात. लिबेरच्या फ्लॉपीची दोन्ही उघडी. अतारी मात्र जुन्या घरातलं, त्याला नवी फ्लॉपी झेपायची नाही. म्हणून सुल्मा एका भोकावर चिकटपट्टी लावायची, कोमाद्रेकडून ती फ्लॉपी तयार करून घ्यायची, आणि मग अतारी ती सुखाने वाचायचं. लिबेरची दोन डोळ्यांची, वाल्देमारची एका डोळ्याची. आणि ओट्यामागच्या पांढऱ्या फरशीवर तिने लाल अक्षरांत लिहून ठेवलं होतं: परक्याची फ्लॉपी आपल्या मशीनला दाखवू नये. आधी माझ्याकडे.

आता त्या जानेवारीकडे येतो. लिबेर गाव सोडून चालला होता. मुलगी व्हालेन्सियाला, नातवंडं तिथे, एकट्या म्हाताऱ्याने इथे काय करायचं. कार्निव्हलच्या पहिल्या शनिवारी फड चौकात गाणार आणि रविवारी त्याचं विमान. जाण्याआधी त्याने निरोपाचं गाणं लिहून दिलं होतं. मला म्हणाला, "चिचो, मला दुसरं काही नको. सतरा तोंडांतून ते एकदा ऐकायचंय, खाली उभं राहून. मग कुठेही न्या." शब्द सुल्मामार्फत गेले. वाल्देमारने चाल बांधली, एका डोळ्याची फ्लॉपी सुल्माला दिली. ती कोमाद्रेत घालून सुल्मा प्रत्येक आवाजाचा वेगळा भाग काढणार होती, म्हणजे क्लबातल्या मशीनवर ऐकून गडी पाठ करतील. नेमकी त्याच दिवशी उकाड्याने वीज गेली. सुल्माने फ्लॉपी तराजूच्या वजनाखाली ठेवली आणि घरी गेली. शटर अर्धंच ओढलं होतं, आमच्या गावात कोण काय नेणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे थर्मास घेऊन बसलो होतो. येर्बाच्या पाल्याच्या कडू काढ्याचा पेला आमच्यात फिरत होता. पेला परत देताना आमच्याकडे आभार मानत नाहीत. मानले तर समोरच्याला कळतं की तुम्हाला आणखी नको, आणि पुढचा पेला तुम्हाला वगळून जातो. लिबेर आत आला. इतक्या उन्हात शर्टाच्या वरच्या गुंडीपर्यंत बंद.

"मशीन की मांस?" सुल्मा म्हणाली.

"सुल्मा, काल जाता जाता तुझ्याकडची एक वस्तू घेऊन गेलो."

तिने नाकावरचा चष्मा कपाळावर आणि कपाळावरचा नाकावर केला. "मी सकाळपासून ती शोधतेय. तराजू उलटा केला, चिचोवर आळ घेतला."

"माझ्यावर?" मी म्हणालो. "मला नाही सांगितलंस."

"सांगून कुणी आळ घेतं का? लिबेर, दाखव."

त्याने रुमालातून फ्लॉपी काढून संगमरवरावर ठेवली. एक डोळा झाकलेला, दुसरा आमच्याकडे बघणारा.

"मशीनला दाखवलीस?"

"फक्त ऐकायचं होतं गं. म्हटलं, एवढंसं वाजवून परत ठेवतो."

"मशीनने काय विचारलं?"

"म्हणालं, ही डिस्क माझ्या ओळखीची नाही. तयार करून देऊ का?"

"आणि तू?"

लिबेरने टोपी काढली. "इतक्या अदबीने विचारलं, सुल्मा. बारा वर्षांत वाल्देमारच्या बाजूने मला कुणी इतक्या अदबीने काही विचारलं नव्हतं. हो म्हटलं."

सुल्माने फ्लॉपी कोमाद्रेत घातली. मशीन थोडं कुरकुरलं, खोकलं आणि गप्प झालं. सुल्माने हात पुसले, जसे तिचे वडील खाटकाच्या एप्रनला पुसायचे.

"कोरी," ती म्हणाली. "तुझ्या मशीनने हिला आपल्या घरची करून घेतली. आधीचं काही उरलं नाही."

"वाल्देमारकडे दुसरी प्रत असेलच की," मी म्हणालो.

"त्याच्या मशीनला पोटच नाही, चिचो, जे आहे ते फ्लॉपीवर. दुसरी ठेव म्हणून मी घसा कोरडा केला. म्हणतो, दोन प्रती ठेवणारा संगीतकार म्हणजे दोन पट्टे बांधणारा माणूस, त्याचा स्वतःच्या कमरेवर विश्वास नाही."

लिबेर ओट्याला टेकला. "मग शनिवारी?"

मी त्याला पेला भरून दिला. त्याने घेतला, पण प्यायला नाही.

"तू सांग त्याला," तो सुल्माला म्हणाला. "वीज गेली म्हण. कोमाद्रेने खाल्ली म्हण."

"ऐक लिबेर. इतकी वर्षं मी तुम्हा दोघांच्या शिव्या गाळून पाठवल्या. पण पदरचं खोटं एकदाही मिसळलं नाही. ही फ्लॉपी तू न्यायचीस."

"त्याच्या घरी?"

"नाही, पोपकडे. त्याच्याच घरी!"

"तो दार उघडणार नाही."

"त्याचं दार बंदच होत नाही, बिजागरी गेलीय. येऊनजाऊन असतास तर ठाऊक असतं."

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे लिबेर, छातीशी फ्लॉपी धरून, जशी काही कुणाची राखच. मागे सुल्मा, खिशात चिकटपट्टी. शेवटी काखेत थर्मास घेऊन मी. रस्त्यात कुत्रंही नव्हतं, नाहीतर तेही सामील झालं असतं.

वाल्देमार द्राक्षाच्या मांडवाखाली बसला होता, गंजीफ्राकात, पाय पाण्याच्या घंगाळात. अंगाने काडी, कान मात्र दोन हत्तींना पुरतील एवढे. लिबेरला बघून त्याने पाय हलवले, पाणी सांडलं.

"चिचो," तो मला म्हणाला, "माझ्या अंगणात हा कोण उभा आहे?"

"लिबेर आहे."

"त्याला म्हणावं, बस."

"तो म्हणतो, बस," मी दोन हातांच्या अंतरावर उभ्या लिबेरला सांगितलं. जुनी सवय.

"पुरे!" सुल्मा ओरडली. "चिचो, तू कोमाद्रे नाहीस. लिबेर, बोल."

लिबेरने घसा साफ केला. बारा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि लेखक माणूस. मला वाटलं आता काहीतरी मोठं येणार.

"वाल्देमार, मी तुझं गाणं पुसलं."

"कुठलं?"

"निरोपाचं."

"सगळं?"

"सगळं."

वाल्देमारने एक पाय घंगाळातून उचलला, विचार केला, परत ठेवला. "बारा वर्षं हा माणूस माझ्याशी बोलत नाही," तो द्राक्षांना म्हणाला, "आणि बोलतो तेव्हा हे बोलतो."

"पुन्हा वाजव ना," लिबेर म्हणाला. "चाल तुझीच आहे."

"आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे?"

"डोक्यात ठेवायचं असतं तर मशीन कशाला घेतलं असतं? एकदा उतरवलं की मी मोकळा. सुरुवातीचे चार सूर आठवतात, पुढे नुसता धूर."

"मग शनिवारी काय गाणार तुम्ही?"

"गेल्या वर्षीचं."

लिबेर बाकावर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिला. "गेल्या वर्षीचं गाणं ऐकून मी विमानात बसू?" तो हळू म्हणाला. "ते इथेच राहणाऱ्या माणसाने लिहिलं होतं, वाल्देमार. त्यात जाणारं कुणीच नाही."

मी उगाच थर्मासचं झाकण फिरवत राहिलो.

"मी ऐकलंय ते," सुल्मा म्हणाली. "फ्लॉपी घ्यायला आले तेव्हा तू मला वाजवून दाखवलंस की."

"तू?" वाल्देमार म्हणाला. "तू ऐकून काय उपयोग? तू म्हशीला गाऊन दाखवलंस तर म्हैस दूध मागे घेईल."

गावात सगळ्यांना ठाऊक होतं की सुल्माला गळा नाही. कसं ठाऊक, हे कुणी विचारलं नव्हतं. इरिओन्दोंच्या घरात कुणालाच नव्हता, एवढं पुरेसं होतं. तिने अंबाड्यातली पिन नीट केली, हात पोटावर जुळवले आणि गायला लागली.

अरे देवा. मी तिचा मित्र आहे, तरी सांगतो, शेजारच्या आवारात एक कोंबडी उठून चालती झाली. चार सूर नीट आले, आणि पाचवा असा गेला जशी एखादी गाय निसरड्या धक्क्यावर जाते.

"थांब!" वाल्देमारने कान धरले. "वर जातो तो, वर! तू खाली काय शोधतेस?"

"असा?" सुल्माने तो वर नेला, जरा जास्तच.

"इतका नाही, बाई! असा." आणि त्याने गाऊन दाखवला. आणि त्याच्या पाठोपाठ, ओढल्यासारखा, पुढचा सूरही आला. तो दचकला.

"पुढे?" लिबेर म्हणाला.

"पुढे मला काय माहीत. सुल्मा, पुढे गा."

ती गायली. तो ओरडला. ती दुसऱ्या बाजूला चुकली. तो आणखी ओरडला, आणि ओरडता ओरडता बरोबर गायला. मग लिबेर मध्ये पडला. "पण तिथे माझी नदीची ओळ येते! तुझा सूर तिथे संपतो. माझी नदी कशी संपेल तिथे?"

"तुझी नदी आडवी आहे, मी काय करू?"

"मग तिला उभी कर! ऐक, शब्द असे घे."

वाल्देमार घंगाळातून उठला. फरशीवर ओली पावलं उमटवत आत गेला, आणि अतारी, पट्ट्या, लांबलचक वायर, सगळं मांडवाखाली आलं. दोन म्हातारी डोकी एका पडद्यावर वाकली. मी घंगाळातलं पाणी झाडांना घातलं आणि घंगाळ उलटं करून त्याचाच ढोल केला. सुल्मा बाकाच्या टोकाला बसून प्रत्येक ओळ आधी बिघडवून द्यायची, ते दोघं ती दुरुस्त करायचे. "कान आहेत की बुटाचे तळ?" वाल्देमार तिला म्हणायचा. ती म्हणायची, "तळच. पुढची ओळ अशी ना?" आणि पुन्हा गाय धक्क्यावर.

शेवटाकडे वाल्देमारचा हात पट्ट्यांवर थांबला.

"इथे..." तो म्हणाला.

"इथे काय?"

"इथे श्वास पुरत नाही."

माझा हात घंगाळावरच राहिला. सुल्माने वर बघितलं. तेच शब्द, तोच माणूस. लिबेरने चेहऱ्यावरून हात फिरवला.

"मग कापू नकोस," तो म्हणाला. "मला सांग. मी शब्द लहान करतो."

"तेव्हा सांगितलं असतं तर केले असतेस?"

"नसते केले."

"मग?"

"मग काय. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांचा पोरगा होतो."

वाल्देमार आधी नाकातून हसला, मग सगळाच. मी पेला भरला आणि तो दोघांमध्ये बराच वेळ फिरला. आभार कुणीच मानले नाहीत.

सावल्या कुंपणाला टेकल्या तेव्हा गाणं पुरं झालं. सुल्माने खिशातून दोन फ्लॉपी काढल्या, दोन्हींचा एकेक डोळा झाकला.

"दोन?" वाल्देमार म्हणाला. "दोन पट्टे?"

"दोन. ती पँट तुझी एकट्याची नाही, सगळ्या फडाची आहे."

लिबेरने विचारलं, "पहिल्यासारखंच झालं का?"

"नाही," वाल्देमार म्हणाला. "पहिलं बरं होतं."

"मी ते ऐकलंच नाही. म्हणजे माझ्यासाठी हेच पहिलं."

तालमीला दिवस कमी होते. सुल्माने आवाज वेगळे काढून दिले, गडी मासेमारीच्या होड्यांवर, बेकरीत, बसमध्ये तेच म्हणत होते. तालमीच्या वेळी लिबेरची खुर्ची मी सवयीने खिडकीखाली नेली, तर ती रिकामीच राहिली. तो आत होता, वाल्देमारच्या शेजारी, आणि दोघं इतके भांडत होते की ढोलवाल्याला ठेका ऐकू येईना.

शनिवारी आभाळात अजून उजेड होता तेव्हा फड चौकात मंचावर चढला. रंगवलेले सतरा चेहरे, आणि पुढे वाल्देमार, दोन्ही हात पंखांसारखे. लिबेर खाली, जिथे तो बारा वर्षांपूर्वी उभा होता तिथेच, टोपी हातात. निरोपाचं गाणं सुरू झालं. नदी आली, आणि उभी राहिली. गातगात गडी पायऱ्या उतरले, लोकांनी वाट दिली, मुलं खांद्यांवर चढली. वाल्देमार लिबेरपाशी आला तेव्हा पुढे गेलाच नाही. त्याच्यासमोर उभं राहून हात हलवत राहिला, जणू सतरा गडी सोडून हा एकटाच त्याचा फड होता. लिबेरने तोंड उघडलं. शब्द त्याचेच होते, पण सगळे आले नाहीत. आले तेवढे गायला.

रविवारी बसच्या थांब्यावर वाल्देमार हजर होता, पायांत बूट घालून. "तिकडे मुलीकडे कसलं मशीन आहे?" त्याने विचारलं.

"कुणास ठाऊक. नवं असेल."

"नवं असू दे, जुनं असू दे, थेट मला काही पाठवू नकोस. आधी सुल्माकडे."

लिबेरने खिशावर हात ठेवला. त्यात ती कोरी, एका डोळ्याची फ्लॉपी होती. सुल्माला मागून घेतली होती. बस सुटली.

सोमवारी दुपारी गाव पुन्हा आडवं होतं. थर्मास काखेत घेऊन मी सुल्माकडे निघालो. दुकानाचं शटर अर्धं वर. वाकून आत शिरणार, एवढ्यात ऐकू आलं आणि मी तसाच वाकलेला राहिलो. ओट्याच्या मागे, खाली, मशीनच्या पोटात डोकं घालून कुणीतरी गुणगुणत होतं. निरोपाचं गाणं, पहिल्या चार सुरांपासून शेवटच्या श्वासापर्यंत, प्रत्येक सूर जिथल्या तिथे, नदीसुद्धा उभी. जन्मभर मी गाणाऱ्यांमध्ये राहिलो. इतकं स्वच्छ गाणं आमच्या फडात दोघातिघांनाच साधलं असेल.

माझ्या हातातल्या थर्मासचं झाकण वाजलं. गुणगुणणं थांबलं, आणि लगेच पुन्हा सुरू झालं, पाचव्या सुराला निसरड्या धक्क्यावरच्या गाईसारखं घसरत. ओट्याच्या मागून आधी पांढरा अंबाडा वर आला, मग दोन चष्मे. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मला विचारायचं होतं, आणि तिला ते दिसत होतं.

"काय बघतोस, चिचो?" सुल्मा म्हणाली. "मशीन आणलंयस की मांस हवंय?"